एकट्याच्या डोळ्यांना पृथ्वी सपाटच दिसते

पृथ्वी गोल आहे हे तुम्हाला कशावरून माहीत? कुणी असं खवचटपणे विचारलं की आपण आधी हसतो, आणि मग उत्तर द्यायला बसलं की अडतो. शाळेत शिकवलं होतं. वर्गातल्या कपाटावर धूळ खात पडलेला पृथ्वीगोल होता. अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी ७ डिसेंबर १९७२ रोजी टिपलेला निळ्या-पांढऱ्या पृथ्वीचा तो फोटो हजारदा पाहिलाय. शिवाय दूर जाणाऱ्या जहाजाचा तळ आधी दिसेनासा होतो आणि शीड सर्वांत शेवटी, हे परीक्षेत लिहून गुणही मिळवलेत. यातलं स्वतः पडताळून पाहिलेलं किती? माझ्यापुरतं सांगायचं तर शिडाचं जहाज मी फक्त चित्रात पाहिलं आहे.

म्हणजे पृथ्वीचा गोलपणा ही माझ्या बाबतीत बरीचशी ऐकीव गोष्ट आहे. ज्यांचं ऐकावं अशा लोकांकडून ऐकलेली, पण ऐकीवच. आजच्या काळातही काही माणसं पृथ्वी सपाट आहे असं छातीठोकपणे का सांगतात, या प्रश्नाकडे मी या बाजूने आलो. ती मूर्ख असतात, हे उत्तर सोपं आहे, पण त्यांचं थोडं वाचलं-ऐकलं की ते टिकत नाही. त्यांच्यात हिशेबाला पक्की, हातात कसब असलेली, एका गोष्टीमागे वर्षानुवर्षं लागणारी माणसं आहेत.

स्टेला वॉस्नियादू आणि विल्यम ब्रूअर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पृथ्वीचा आकार कसा, असं विचारलं की मुलं पटकन ‘गोल’ म्हणायची. मग ते पुढे विचारायचे: सरळ चालत राहिलास तर कुठे पोचशील? पृथ्वीला कड आहे का? माणसं नेमकी कुठे राहतात? तेव्हा कळायचं की काहींची पृथ्वी गोल होती खरी, पण तबकडीसारखी. काहींची चेंडूसारखी होती, पण पोकळ, आणि माणसं तिच्या पोटात सपाट जमिनीवर राहत होती. आणि काही मुलांच्या मनात चक्क दोन पृथ्व्या होत्या. एक पायाखालची सपाट, आणि दुसरी वर आकाशात असणारी गोल. मोठी माणसं सांगतात ते खोटं कसं म्हणायचं आणि डोळ्यांना दिसतं तेही कसं सोडायचं, म्हणून मुलांनी काढलेली ही तडजोड. मला ही दोन पृथ्व्यांची मुलं फार आवडतात. मोठेपणीही आपल्यातले बरेच जण असेच राहत असावेत: वावरायला एक पृथ्वी, उत्तरपत्रिकेसाठी दुसरी.

डोळ्यांचा यात दोष नाही. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या गोलाध्यायात ही गोष्ट एका श्लोकात मिटवून टाकली आहे. परिघाचा शंभरावा भाग सरळच वाटतो, पृथ्वी अफाट मोठी, तिच्या पाठीवर उभा असलेला माणूस अगदी लहान. त्यामुळे त्याला ती सगळी सपाटच भासते. या युक्तिवादाचं सौजन्य पाहण्यासारखं आहे. सपाट दिसतं असं म्हणणाऱ्याला ते खोटारडा ठरवत नाहीत. तुला दिसतं ते बरोबर आहे, फक्त तू लहान आहेस, असं सांगतात. आकडेही त्यांच्याच बाजूचे. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर. समुद्रकिनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचं क्षितिज जेमतेम साडेचार-पाच किलोमीटरवर असतं. एका किलोमीटरवर पृष्ठभाग सरळ रेषेपासून ढळतो तो फक्त आठ सेंटिमीटर. अकरा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाच्या खिडकीतूनसुद्धा बाक दिसला की नाही, याबद्दल शेजारच्याशी वाद घालता येईल इतपतच दिसतो. भास्कराचार्यांच्या आधी काही शतकं लल्लाचार्यांनी उलट बाजूने विचारलं होतं: पृथ्वी सपाट असेल, तर ताडासारखी उंच झाडं दुरून का दिसत नाहीत? सपाटवाद्यांशी वाद घालणं हा उद्योग तेव्हाही चालू होता, हे त्यावरून दिसतं.

इथे एक गैरसमज आडवा येतो. पूर्वी सगळेच पृथ्वी सपाट मानायचे आणि कोलंबसाने ती गोल असल्याचं दाखवून दिलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तिच्या प्रसाराचं मोठं श्रेय वॉशिंग्टन अर्विंग या अमेरिकन लेखकाच्या १८२८ मधल्या कोलंबसचरित्राला जातं. चरित्र कमी आणि कादंबरी जास्त असं ते पुस्तक. कोलंबसाला विरोध करणाऱ्या पंडितांनाही पृथ्वी गोल असल्याचं ठाऊक होतं. वाद होता ती केवढी आहे याचा, आणि त्या वादात चुकला होता तो कोलंबस. अॅरिस्टॉटलने त्याआधी अठराशे वर्षं चंद्रग्रहणात चंद्रावर पडणाऱ्या पृथ्वीच्या वाटोळ्या सावलीकडे बोट दाखवलं होतं.

पण म्हणून शहाण्या माणसाला पृथ्वी गोल असल्याचं आपोआपच कळतं, असंही नाही. चीनमधले प्राचीन खगोलज्ञ निरीक्षणात कुणाला हार जाणारे नव्हते. ग्रहणांच्या, धूमकेतूंच्या, नव्या ताऱ्यांच्या त्यांनी ठेवलेल्या नोंदी आजही वापरल्या जातात. तरी तिथे सतराव्या शतकापर्यंत प्रमुख मत सपाट पृथ्वीचंच राहिलं. ‘झोउबी’ नावाच्या त्यांच्या जुन्या ग्रंथात वेगवेगळ्या जागी रोवलेल्या काठ्यांच्या सावल्यांवरून सूर्याची उंची काढली आहे: ८०,००० ली (ली हे अंतराचं जुनं चिनी माप). गणित अगदी चोख. फक्त जमीन सपाट धरलेली.

आता हे ग्रीक पंडित इरॅटोस्थेनिसच्या शेजारी ठेवून पाहा. इसवी सनापूर्वी सुमारे २४० मध्ये त्यानेही सावल्याच मोजल्या. आजच्या आस्वानजवळच्या सायीनी गावात वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो. त्याच दिवशी, त्याच वेळी उत्तरेला अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते, वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतकी, म्हणजे ७.२ अंशांची. दोन गावांमधलं अंतर ५,००० स्टेडिया (हे तेव्हाचं ग्रीक माप), म्हणून पृथ्वीचा परीघ २,५०,००० स्टेडिया. पृथ्वी गोल असल्याचा पुरावा म्हणून हा प्रयोग हमखास सांगितला जातो, आणि इथे सपाटवादी बरोबर बोट ठेवतात: तुम्ही गोल धरून चाललात म्हणून गोल निघाली. त्यांचं म्हणणं खरं आहे. सूर्य फार लांब आणि जमीन वाकलेली धरा, परीघ निघतो. जमीन सपाट आणि सूर्य जवळ धरा, तर त्याच दोन सावल्यांवरून सूर्य साधारण ६,३०० किलोमीटर उंचीवर निघतो. दोन काठ्यांना दोन्ही उत्तरं चालतात.

निकाल लावते ती तिसरी काठी. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखी असते त्या दिवशी, विषुववृत्तावर सूर्य माथ्यावर असतो, तेव्हा ध्रुवावर तो क्षितिजाला टेकलेला असतो. सपाट जमिनीच्या हिशेबाने तिथेही तो बत्तीसएक अंश वर दिसायला हवा होता. जितक्या जास्त जागांवरून मोजाल तितकं सपाटपणाचं गणित फाटत जातं, आणि गोलपणाचं मात्र बसत जातं.

आता या सगळ्यात माणसं कुठे उभी आहेत ते पाहा. त्या दुपारी अलेक्झांड्रियात उभा असलेला माणूस त्याच क्षणी सायीनीत असू शकत नव्हता. तिथलं ऊन दुसऱ्या कुणीतरी पाहिलं आणि ते इरॅटोस्थेनिसने खरं मानलं. प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीने ग्रहणांचा दाखला दिला, तोही असाच: एकच चंद्रग्रहण पूर्वेकडच्यांनी रात्री उशिराच्या वेळी नोंदवलं आणि पश्चिमेकडच्यांनी लवकरच्या. हा पुरावाही एकाच्या डोळ्यांत मावत नाही. दोघांनी आपापल्या नोंदी एकमेकांपुढे ठेवाव्या लागतात. सपाटपणा मात्र एकट्याला, एका जागी, एका नजरेत मिळतो. सपाट पृथ्वीवरच्या विश्वासाचं मूळ मला इथे दिसतं. बाकी गोष्टी त्यावर चढत गेलेले थर आहेत.

आजचा सपाट पृथ्वीचा पंथ कुठल्या पुरातन समजुतीचा उरलेला तुकडा नाही. तो आगगाडी आणि वर्तमानपत्रांच्या काळात, विज्ञानाचा डंका सर्वांत जोरात वाजत होता त्या इंग्लंडमध्ये जन्मला. १८३८ मध्ये सॅम्युएल रोबॉथम नावाचा माणूस पूर्व इंग्लंडच्या पाणथळ भागातल्या ओल्ड बेडफर्ड कालव्यात उतरला. या कालव्याचा सहा मैलांचा पट्टा ओळंब्याला धरल्यासारखा सरळ आहे. पाण्यापासून वीतभर उंचीवर डोळा ठेवून त्याने झेंडा लावलेली एक होडी दूर जाताना पाहिली. पृथ्वी गोल असती, तर सहा मैलांवर त्या होडीच्या डोलकाठीचं टोकसुद्धा नजरेच्या रेषेच्या सुमारे ११ फूट खाली गेलं असतं. रोबॉथमला ती शेवटपर्यंत दिसत राहिली. झालं! पाण्यालगतची हवा थराथराने घनता बदलते आणि प्रकाशाला खाली वाकवते, त्यामुळे क्षितिजापलीकडचंही दिसू शकतं, हे त्याने विचारात घेतलं नाही. पुढे ‘पॅरलॅक्स’ हे नाव घेऊन तो गावोगाव तिकीट लावून व्याख्यानं देऊ लागला. वादात तो कसलेल्या प्राध्यापकांनाही गप्प करी, असं म्हणतात. ते अवघड नसावं. प्राध्यापकांनी हा प्रश्न कधी स्वतःला विचारलेलाच नव्हता, आणि याने दुसरं काही केलेलंच नव्हतं.

त्याची घोषणा काय होती? सिद्धान्तांवर विसंबू नका, स्वतः पाहा, स्वतः तपासा. विज्ञानाने वेगळं काय सांगितलं होतं?

पुढचा अंक त्याच कालव्यावर घडला, आणि या विषयावरचं इतर काही न वाचता एवढा प्रसंग वाचला तरी पुरे असं मला वाटतं. १८७० च्या जानेवारीत जॉन हॅम्पडेन नावाच्या रोबॉथमच्या एका अनुयायाने जाहीर आव्हान दिलं: पाण्याला बाक असल्याचं दाखवून द्या, ५०० पौंडांची पैज. ती स्वीकारली आल्फ्रेड रसेल वॉलेसने. नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त डार्विनबरोबर ज्याच्या नावावर आहे तोच वॉलेस. त्याला पैशांची चणचण होती, आणि एकेकाळी जमीनमोजणीचं काम केल्यामुळे हे आपल्याला डाव्या हाताचं आहे अशी खात्रीही. भूगर्भशास्त्रज्ञ लायेलला त्याने विचारलं, तर तोही म्हणाला की जरूर कर, या लोकांची तोंडं तरी बंद होतील.

वॉलेसने रोबॉथमची चूक टाळली. नजरेची रेषा त्याने पाण्यापासून १३ फुटांवर, पुलाच्या कठड्याच्या उंचीला नेली. सहा मैलांवरच्या दुसऱ्या पुलावर त्याच उंचीला काळ्या पट्ट्याचं पांढरं कापड लावलं आणि बरोबर मध्ये, तीन मैलांवर, त्याच उंचीची चकती खांबावर चढवली. पाणी सपाट असेल तर तिन्ही खुणा एका रेषेत दिसणार. फुगवटा असेल तर मधली वर दिसणार. दोन्ही बाजूंचा एकेक पंच होता: वॉलेसचा कुल्चर आणि हॅम्पडेनचा कार्पेंटर. दोघांनी दुर्बिणीतून पाहिलं, दिसलं त्याची आकृती काढली. मधली चकती वर होती.

कार्पेंटरने आकृती मान्य केली आणि आपण जिंकलो असं जाहीर केलं! दुर्बिणीतल्या आडव्या तारेपासून मधली खूण जितकी खाली दिसते, तितकीच मधल्या खुणेपासून लांबची खूण खाली दिसते. अंतरं सारखी, म्हणजे तिन्ही एका रेषेत, असा त्याचा हिशेब. एकाच भिंगातून एकच चित्र पाहून दोन प्रामाणिक माणसांनी दोन निकाल दिले. कार्पेंटर खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्याला खरोखर तसंच दिसलं असावं. आणि स्वतः हॅम्पडेन? स्वतःच्या डोळ्यांनी पाहा म्हणणाऱ्या पंथाच्या या शिलेदाराने दुर्बिणीतून पाहायलाच नकार दिला. माझा कार्पेंटरवर विश्वास आहे, म्हणाला.

या वाक्यापाशी मी दरवेळी थबकतो. ५०० पौंड स्वतःचे, दुर्बीण हातभर अंतरावर, आणि माणूस म्हणतो की माझ्या माणसाने पाहिलं, पुरे. इथे सगळा पंथ उघडा पडतो. ‘कुणावरही विश्वास ठेवू नका’ हे त्याचं ब्रीद, पण तसं जगणं कुणालाच शक्य नाही. विश्वास ठेवायची माणसं तेवढी बदलली जातात.

पैजेचे पैसे ‘द फील्ड’ या साप्ताहिकाचा संपादक वॉल्श याच्याकडे होते. मुख्य पंचही तोच. त्याने वॉलेसच्या बाजूने निकाल दिला. मग हॅम्पडेनने वॉलेसला पंधराएक वर्षं छळलं. वॉलेस ज्या ज्या संस्थांचा सभासद होता त्यांना पत्रं, शेजाऱ्यांना पत्रं, पत्रकं, ‘चोर’ आणि ‘लुच्चा’ अशा शिव्या. वॉलेसच्या बायकोला त्याने लिहिलं की तुझा नवरा एक दिवस डोक्याची हाडं फुटून घरी आणला गेला तर का ते समजून घे. त्यासाठी हॅम्पडेन तुरुंगातही गेला. बाहेर आला की पुन्हा पत्रं. शेवटी १८७६ मध्ये कोर्टाने असंही ठरवलं की रक्कम देण्याआधीच हॅम्पडेनने ती परत मागितली होती, तेव्हा त्याचे पैसे त्याला मिळायला हवेत. पाणी वाकलेलं होतं हे सिद्ध करून वॉलेसच्या पदरी मनस्ताप आणि वकिलांची बिलं पडली.

गोष्ट इथे थांबवली तर एक शहाणा आणि एक वेडा असा सरळ हिशेब मांडता येतो. पण हाच वॉलेस मृतात्म्यांशी बोलणाऱ्या माध्यमांवर मनापासून विश्वास ठेवायचा. त्यांच्या बैठकांत त्याने स्वतःच्या डोळ्यांनी सगळं पाहिलं होतं! देवीच्या लसीलाही त्याचा विरोध होता. १८९८ मध्ये त्याने तिला ‘भ्रम’ म्हणत आकडेवारीने भरलेली पुस्तिका लिहिली. एकाच माणसाच्या डोक्यात कालव्यावरची दुर्बीण आणि अंधाऱ्या खोलीतलं हलणारं टेबल सुखाने नांदत होतं. त्यामुळे ‘वैज्ञानिक वृत्तीचे लोक’ आणि ‘तसे नसलेले लोक’ अशी माणसांची वाटणी मला करता येत नाही. फार तर विषयांची वाटणी करता येईल.

विसाव्या शतकातला पंथाचा प्रवास थोडक्यात आटपतो, कारण तो बऱ्यापैकी केविलवाणा आहे. अमेरिकेतल्या झायन या धर्मनगरीत व्होलिव्हा नावाच्या धर्मप्रमुखाने शाळांतून सपाट पृथ्वी शिकवली. १९५६ मध्ये सॅम्युएल शेंटन या इंग्रजाने संस्था काढली, ती बिचारी उपग्रहयुगाच्या उंबरठ्यावर. अवकाशातून घेतलेला पृथ्वीचा फोटो दाखवल्यावर, अशा फोटोने अननुभवी नजर कशी फसू शकते ते सहज कळतं, असं तो म्हणाला. शेंटनमागून चार्ल्स जॉन्सनने कॅलिफोर्नियातून संस्था चालवली. त्याच्या घराला लागलेल्या आगीत सभासदांच्या नोंदी जळाल्या, २००१ मध्ये तो वारला, आणि आता संपलं असं वाटत असताना यूट्यूब आलं.

तेव्हा टेक्सस टेक विद्यापीठात असलेल्या अॅशली लँड्रम यांनी सपाटवाद्यांच्या परिषदांना गेलेल्या तीस जणांना विचारलं की तुम्ही या मताकडे कसे वळलात. एक सोडून सगळ्यांनी यूट्यूबचं नाव घेतलं. उरलेल्या एकाला मुलीने आणि जावयाने सांगितलं होतं, आणि त्यांनी ते यूट्यूबवर पाहिलं होतं. त्यातले बरेच जण आधी दुसऱ्याच कुठल्या षड्यंत्राचे व्हिडिओ पाहत होते. त्या ओघात हे समोर आलं. काही जण तर त्याची चिरफाड करायला म्हणून बसले आणि तिथेच राहिले. २०१९ च्या जानेवारीत यूट्यूबने असे व्हिडिओ सुचवणं कमी करू असं जाहीर केलं, तेव्हा उदाहरण म्हणून सपाट पृथ्वीचंच नाव घेतलं होतं.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, मी त्यांना काका म्हणतो. नोकरीत असताना यंत्रांची देखभाल हे त्यांचं काम. आजही नवीन वस्तू घेतली की माहितीपत्रक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस. निवृत्तीनंतर ते या व्हिडिओंच्या नादी लागले. आधी मी जहाज सांगितलं. ते म्हणाले, “चांगला झूम असलेला कॅमेरा लाव, बुडालेलं जहाज परत दिसतं.” मी चंद्रग्रहण सांगितलं. ते म्हणाले, “ती सावली पृथ्वीचीच, हे तुला कुणी सांगितलं?” मी अवकाशातले फोटो काढले. त्यावर ते नुसते हसले. त्यांच्याशी बोलताना लक्षात आलं की एकेका मुद्द्याला उत्तर त्यांच्याजवळ आहे; सगळी उत्तरं मिळून एक जग होत नाही, हा भाग वेगळा. त्यांच्या नकाशात उत्तर ध्रुव मध्यभागी आणि अंटार्क्टिका कडेने बर्फाची भिंत म्हणून पसरलेली. मी म्हटलं, “मग सिडनीहून सांतियागोला थेट विमान कसं जातं? या नकाशावर ते अंतर २५,००० किलोमीटरच्या वर भरतं. विमान तर ११,३०० किलोमीटरचा पल्ला साधारण तेरा तासांत उरकतं.” काका म्हणाले, “तू बसलायस त्या विमानात?”

नव्हतो बसलो. (जाता जाता: हा नकाशा उत्तर गोलार्धातल्या माणसांनीच काढावा असा आहे. चिलीतल्या माणसाला तो सुचलाच नसता. त्याच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या माणसाच्या डोक्यावर एकच दक्षिण आकाश फिरतं, दोघांनाही ते दक्षिणेलाच दिसतं. आणि या तबकडीवर त्या दोघांच्या ‘दक्षिण’ दिशा जवळजवळ एकमेकींकडे पाठ करून आहेत.)

काकांना या सगळ्यातून काय मिळतं, हे हळूहळू कळत गेलं. पूर्वी त्यांचा शब्द यंत्राजवळ चाले. आता त्यांना कुणी काही विचारत नाही. सपाटवाद्यांच्या गटात मात्र विचारतात. तिथे ते नवख्यांना भिंग कसं धरायचं ते शिकवतात. शिवाय तिथे एक मान असतो, सगळं जग झोपलं असताना आपण जागे असल्याचा. तो सोडून बाहेर यायचं म्हणजे पुन्हा कुणी न विचारणारा माणूस व्हायचं. सूर्यमालेचं चित्र मान्य करण्याची एवढी किंमत मला कधीच मोजावी लागली नाही.

अविश्वासालाही जमीन आहे. अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसेवेने टस्कीगी इथे शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा गुप्तरोग १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं उपचार न करता नुसता पाहत ठेवला. तंबाखू कंपन्यांनी आपल्याच हाती असलेली माहिती दडवून पिढ्यानपिढ्या फसवल्या. मोठ्या संस्था खोटं बोलतात, या वाक्याला मी हरकत घेऊ शकत नाही. पण हे खोटं कसं उघडं पडलं ते पाहिलं तर आतल्याच कुणी कागद बाहेर काढले, पत्रकारांनी छापले, प्रतिस्पर्ध्यांनी पाठपुरावा केला. पृथ्वीच्या बाबतीत एकमेकांचे वैरी असलेले देश, प्रत्येक दर्यावर्दी, प्रत्येक वैमानिक, प्रत्येक जमीनमोजणीदार या सगळ्यांना पिढ्यानपिढ्या एकच थाप न चुकता मारावी लागेल. अमेरिका चंद्रावर गेल्याचं नाटक करतेय असा नुसता संशय आला असता, तरी १९६९ मध्ये सोव्हिएत संघाने तो जगभर ओरडून सांगितला असता. काका संस्थांवर अविश्वास ठेवतात त्याचं मला नवल नाही. त्याच संस्थांच्या गुपितं राखण्याच्या कुवतीवर ते एवढा विश्वास कसा ठेवतात, त्याचं आहे.

ते स्वतः मोजत नाहीत असंही नाही. उलट मोजमापाचं त्यांच्या लोकांना वेडच आहे. २०१८ च्या एका माहितीपटात सपाटवाद्यांच्या एका गटाने सुमारे २०,००० डॉलरचा लेझर जायरोस्कोप (फिरणं मोजणारं उपकरण) विकत घेतला. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असेल तर त्यात तासाला १५ अंशांचा फरक दिसायला हवा. दिसला, बरोबर १५ अंश. हे मान्य करता येणार नव्हतं, म्हणून आकाशातून येणाऱ्या कसल्याशा ऊर्जेचा हा परिणाम असेल असं ठरलं, आणि ती अडवायला उपकरणावर कवच चढवण्याची तयारी सुरू झाली. प्रयोग उत्तम होता, उपकरण उत्तम होतं. हरायची तयारी तेवढी कुणी आणली नव्हती.

अपवादही घडतो. २०२४ च्या डिसेंबरात कोलोरॅडोतल्या एका पाद्र्याने दोन्ही बाजूंच्या काही जणांना अंटार्क्टिकाला नेलं. दक्षिणेच्या उन्हाळ्यात तिथे सूर्य चोवीस तास मावळत नाही. मध्यभागी उत्तर ध्रुव असलेल्या तबकडीवर हे घडूच शकत नाही, म्हणून सपाटवादी ते नाकारत आले होते. त्यांच्यातल्या एका नामांकित यूट्यूबरने डोक्याभोवती फिरणारा सूर्य पाहिला आणि कॅमेऱ्यासमोर सांगितलं की हे होत नाही असं मी धरून चाललो होतो, ते होतं. यापुढे मला विकला गेलेला म्हणतील हेही त्याने तिथेच सांगितलं. तसंच झालं. हिरव्या पडद्यासमोर चित्रीकरण केलं, घुमटाखाली केलं, सूर्य म्हणजे दिवा होता, असं म्हणणारे कालपर्यंतचे त्याचेच सोबती होते. जो पाहायला गेला तोच परका झाला. हॅम्पडेनने दुर्बिणीला डोळा लावला असता तर त्याचंही हेच झालं असतं.

मी ती बातमी काकांना पाठवली. त्यांनी विचारलं, “किती मिळाले असतील त्याला?”

मग मी दुसरी गोष्ट सुचवली. आपणच करू. तीन गावं घेऊ, एकमेकांपासून बरीच लांब, साधारण उत्तर-दक्षिण रेषेत. विषुवदिनी, आपापल्या मध्यान्हीला, सारख्या उंचीच्या तीन काठ्या आणि तीन सावल्या. सरकार नको, विद्यापीठ नको. काकांचे डोळे चमकले. काठी किती उंच हवी, ओळंबा कसा लावायचा, सावलीची कड धूसर असते तर नेमकं कुठे मोजायचं, हे सगळं त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. कागदावर आकृती काढली, सपाट असेल तर किती आणि गोल असेल तर किती, तेही स्वतः मांडून पाहिलं.

मग पेन खाली ठेवून म्हणाले, “एका काठीपाशी मी. दुसरीपाशी तू. तिसरीपाशी कोण?”

मी दोन-तीन नावं सुचवली. त्यांनी ती एकेक करून खोडली.